एवढं मोठं ऑपरेशन आणि अँटिबायोटिक एकच दिवस?

खुब्याचा सांधा बदलून घरी आलेल्या माणसाच्या खाटेभोवती पहिल्या आठवड्यात हा प्रश्न हमखास निघतो. दाढ काढली तरी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. इथे तर मांडीचं हाड वरून कापलंय, त्यात धातूचा दांडा ठोकून बसवलाय आणि दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक बंद! डॉक्टर विसरले का? भेटायला आलेले काका सांगतात, त्यांच्या मेव्हण्याला दहा दिवस चालू होतं. मग त्याला जोडून बाकीचे प्रश्न येतात. भात दिला तर चालेल का? आंबट बंद करायचं का? टाके पिकायचे तर नाहीत?

डॉक्टर विसरलेले नसतात. या ऑपरेशनमध्ये जंतुसंसर्ग होणार की नाही, याचा निकाल बऱ्याच अंशी ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यांत आणि थिएटरमधल्या दोन-तीन तासांत लागतो. नंतरच्या दहा दिवसांच्या गोळ्या त्या निकालात फारसा फरक करत नाहीत. आपल्याकडे मात्र सगळी काळजी नेमकी त्या दहा दिवसांत गोळा होते आणि आधीचे दोन महिने मोकळे जातात.

पहिल्यांदाच सांधा बदलणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण एका-दोघांना कृत्रिम सांध्याचा खोल संसर्ग होतो. आकडा लहान आहे. पण ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला पुन्हा ऑपरेशन, कधी कधी दोन ऑपरेशनं, आणि कित्येक आठवडे औषधं एवढं सोसावं लागतं. सर्जन मंडळी या एका गोष्टीला एवढी का घाबरतात, ते आधी पाहू.

१. निर्जीव वस्तू आणि मूठभर जंतू

खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा काढून टाकतात. हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात आणि दांड्याच्या टोकावर धातूचा किंवा सिरॅमिकचा नवा गोळा लावतात. कंबरेच्या हाडात नवी वाटी बसते, तिला आतून बहुधा खास प्लॅस्टिकचं अस्तर असतं. सांधा गुळगुळीत फिरतो, दुखणं थांबतं. फक्त या नव्या भागांत रक्त वाहत नाही.

शरीराचा जंतूंशी लढणारा सगळा फौजफाटा रक्तातून येतो. बोटाला काटा लागला की तिथे रक्त धावतं, पांढऱ्या पेशी येतात आणि थोडेफार जंतू असतील तर त्यांचा फडशा पाडतात. धातूच्या पृष्ठभागावर बसलेल्या जंतूपर्यंत त्या पेशी धड पोहोचत नाहीत, पोहोचल्या तरी तिथे नीट काम करू शकत नाहीत.

याचा परिणाम केवढा होतो, ते 1957 साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी मोजलं. त्यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा पू करणारा जंतू मोजून टोचला. निरोगी त्वचेत पू व्हायला जंतूंची संख्या दशलक्षांच्या घरात लागत होती. पण त्याच जागी रेशमी टाक्याचा एक धागा असेल तर काही शे जंतूही पुरत होते. एका धाग्याने एवढा फरक पडतो, मग इथे तर वीतभर लांबीचा धातू आहे.

दुसरी अडचण जंतूंच्या राहणीची. घरावरची पाण्याची टाकी बरेच दिवस धुतली नाही की आतल्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो. तो जंतूंचाच असतो. एखाद्या पृष्ठभागावर चिकटले की जंतू आपल्याभोवती चिकट द्रव्य सोडतात आणि त्यात दडून वस्ती करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. कृत्रिम सांध्यावर असाच थर जमतो, फक्त डोळ्यांना न दिसणारा. थराच्या तळाशी असलेले जंतू अर्धवट झोपेत असतात, वाढत नाहीत. बहुतेक अँटिबायोटिक वाढत्या जंतूंवर चालतात, त्यामुळे एरवी ज्या मात्रेत जंतू पटकन मरतात त्याच्या शेकडो पट मात्राही इथे अपुरी पडते. म्हणूनच पक्का थर बसला की नुसत्या गोळ्यांनी सांधा बरा होत नाही, तो उघडावा लागतो.

अमेरिकी अस्थिशल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी 1987 मध्ये याकडे पाहायची एक सोपी दृष्टी दिली. सांधा शरीरात बसला की त्याच्या पृष्ठभागासाठी दोघांची चढाओढ लागते, एकीकडे शरीराच्या पेशी आणि दुसरीकडे जंतू. एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात, तसंच हे. ज्याचा रुमाल आधी पडला त्याची सीट. शरीराच्या पेशींनी पृष्ठभाग धरला तर जंतूंना चिकटायला जागा उरत नाही, आणि जंतूंनी धरला तर त्यांना उठवणं जवळपास अशक्य. प्रतिबंधाच्या सगळ्या उपायांचा हेतू एवढाच, की पहिल्या काही तासांत जंतूंची संख्या जमेल तितकी कमी ठेवायची.

२. रायटिंग्टनचं काचघर

आजच्या खुब्याच्या ऑपरेशनचे जनक म्हणून सर जॉन चार्नली यांचं नाव घेतात. इंग्लंडच्या लँकेशायरमधलं रायटिंग्टन हॉस्पिटल मूळचं क्षयरोग्यांसाठी होतं. तिथे त्यांनी नोव्हेंबर 1962 मध्ये पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा लहान गोळा वापरून आपली पद्धत सुरू केली. त्याआधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरण्याचा प्रयोग पुरता फसला होता. तीनेकशे रुग्णांच्या वाट्या काही वर्षांतच झिजल्या आणि त्यांची ऑपरेशनं पुन्हा करण्याची वेळ आली. नव्या प्लॅस्टिकची अंगाला बाधा होते का, हे पाहण्यासाठी चार्नलींनी त्याचा तुकडा स्वतःच्याच मांडीत बसवून घेतला होता!

झिजेचा प्रश्न सुटला तरी दुसरा उरला. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत शंभरातल्या सात ते नऊ जणांना संसर्ग होत होता. ऑपरेशन यशस्वी आणि वर्षभराने सांध्यातून पू! चार्नलींना संशय आला हवेचा. माणूस नुसता उभा असला तरी त्याच्या त्वचेची सूक्ष्म सालपटं सतत गळत असतात, आणि त्यांतल्या काहींवर जंतू बसलेले असतात. थिएटरमध्ये पाच-सहा माणसं, दिव्याच्या उष्णतेने वर चढणारी हवा आणि खाली तासभर उघडी असलेली जखम. त्यातून हाड कापताना, ठोकताना होणारी हालचाल.

हॉवर्थ नावाच्या, हवेची यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीने त्यांनी थिएटरच्या आत एक छोटी काचेची खोली उभी केली. तिला लोक ग्रीनहाउस म्हणू लागले. वरून गाळलेली हवा सतत खाली सोडायची, म्हणजे सालपटं जखमेवर न पडता बाहेर ढकलली जातील. पुढे सर्जनच्या अंगात संपूर्ण झाकणारा पोशाख आला, ज्यातून त्याचा श्वास नळीने बाहेर खेचला जाई. हातमोज्यांच्या दोन जोड्या आल्या. संसर्गाचं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं आणि शेवटी शंभरात एकाहूनही खाली आलं. विशेष म्हणजे चार्नली या काळात प्रतिबंधासाठी अँटिबायोटिक देत नव्हते.

टीकाकार म्हणाले, हवा बदलली तशी बाकीही बरीच पद्धत बदलली, हातही सरावले. श्रेय एकट्या हवेला कसं द्यायचं? आक्षेप रास्त होता. मग ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ब्रिटन आणि स्वीडनमधल्या हॉस्पिटलांत आठ हजारांवर ऑपरेशनांची चाचणी घेतली. ओवेन लिडवेल आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये निष्कर्ष मांडले: साध्या थिएटरमध्ये खोल संसर्ग 1.5 टक्के, अतिशुद्ध हवेच्या थिएटरमध्ये 0.6 टक्के. एका हॉस्पिटलात वर्षाला दोनशे सांधे बदलत असतील तर पहिल्या हिशेबाने तिघांना संसर्ग होतो, दुसऱ्या हिशेबाने एकाला.

आज पुण्या-मुंबईतच काय, जिल्ह्याच्या गावीही हॉस्पिटलच्या पाटीवर ‘लॅमिनार फ्लो ओटी’ असं ठळक लिहिलेलं दिसतं. ती चार्नलींच्या काचघराचीच पुढची पिढी. पण गोष्ट इथे संपत नाही. नंतर न्यूझीलंडसारख्या देशांत हजारो ऑपरेशनांच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा अशा थिएटरांचा फायदा दिसेना. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत तर सांधेबदलासाठी संसर्ग टाळण्याच्या हेतूने लॅमिनार फ्लो वापरू नये, असाच सौम्य सल्ला दिला. चार्नली चुकले होते असा याचा अर्थ नाही. त्यांच्या काळात प्रतिबंधक अँटिबायोटिकचा रिवाज नव्हता. तो आल्यावर हवेच्या वाट्याला उरलेलं काम कमी झालं. तज्ज्ञांमध्ये यावर अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर पाटीपेक्षा थिएटरचं दार ऑपरेशन चालू असताना किती वेळा उघडतं, हे जास्त महत्त्वाचं. दर वेळी दार उघडलं की हवेचा ओघ मोडतो. मोठ्या खर्चाच्या यंत्रणेखाली माणसांची ये-जा चालू असेल तर त्या यंत्रणेचा उपयोग काय?

३. साडेआठचं इंजेक्शन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अँटिबायोटिक एकच दिवस का?

बोस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी 1961 मध्ये गिनीपिगच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचून वेगवेगळ्या वेळी अँटिबायोटिक दिलं. जंतू शिरण्याआधी किंवा शिरतानाच औषध दिलं तर गाठ जवळजवळ उठतच नसे. उशीर होईल तसा परिणाम घटत गेला. तीन तास उलटल्यावर दिलेलं औषध आणि न दिलेलं औषध, दोन्ही सारखंच.

माणसांमधला पुरावा 1992 मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीहून आला. क्लासेन आणि सहकाऱ्यांनी 2,847 शस्त्रक्रियांच्या नोंदी पाहिल्या. कापण्याआधीच्या दोन तासांत अँटिबायोटिक मिळालेल्यांत संसर्ग 0.6 टक्के होता. त्याहून खूप आधी मिळालेल्यांत 3.8 टक्के, आणि ऑपरेशन सुरू होऊन तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत 3.3 टक्के. औषध तेच होतं, फरक पडला वेळेमुळे.

सकाळी नऊला त्वचेवर छेद घ्यायचा असेल तर साडेआठच्या सुमारास शिरेतून सेफाझोलिन देतात. ते बहुधा दोन ग्रॅम असतं, वजन 120 किलोच्या वर असेल तर तीन. हेतू एवढाच, की छेद पडेल त्या क्षणी आणि पुढचे तास रक्तात आणि पेशींत औषध भरपूर असावं. ऑपरेशन चार तासांपलीकडे लांबलं किंवा फार रक्त गेलं तर मधेच आणखी एक मात्रा. सेफाझोलिन चालत नसेल आणि व्हॅन्कोमायसिन द्यायचं असेल तर ते हळूहळू द्यावं लागतं, म्हणून आधीच सुरू करतात. वॉर्डात दिलेलं इंजेक्शन आणि थिएटरमध्ये लांबलेली आधीची केस, या दोन्हींच्या मध्ये हा हिशेब चुकतो. म्हणूनच छेद घेण्याआधी थांबून ‘अँटिबायोटिक गेल्या साठ मिनिटांत दिलं का’ हा प्रश्न मोठ्याने विचारायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षा-यादीत आहे.

मग टाके घालून झाल्यावर? ज्या जंतूंना चिकटायचं होतं ते चिकटले, बाकीचे मेले. त्यानंतर दहा दिवस औषध दिलं तर ते अंगातल्या निरुपद्रवी जंतूंना मारतं, जुलाब लावतं, आणि उरलेल्या जंतूंत औषधाला न जुमानणारे माजतात. जखमेला त्याचा फायदा दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधाचं अँटिबायोटिक लांबवू नये, अशी स्पष्ट आहे. बरेच सर्जन चोवीस तास चालू ठेवतात, तेवढं रुळलेलं आहे. काकांच्या मेव्हण्याला दहा दिवस दिलं त्याला कदाचित काही वेगळं कारण असेल, पण दहा दिवस दिलं म्हणजे जास्त काळजी घेतली, असं मात्र नाही.

हाडात दांडा घट्ट बसवायला सिमेंट वापरतात, त्यातच अँटिबायोटिक मिसळायची युक्ती हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांनी काढली. ते सिमेंट बसवल्या जागीच औषध सोडत राहतं. सगळ्यांना सिमेंट लागत नाही. तरुण रुग्णांत बहुधा सिमेंटविना दांडा बसवतात.

४. आधीचे दोन महिने

या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमक्या यावरच घरात कमीत कमी बोलणं होतं. खुबा बदलणं ही बहुतेक वेळा ठरवून केलेली शस्त्रक्रिया असते. आजी पडून मांडीचं हाड मोडलं तर वाट पाहता येत नाही, ती गोष्ट वेगळी. पण सांधा झिजलाय, किंवा रक्तपुरवठा तुटून हाडाचा गोळा बसलाय, तेव्हा हातात आठवडे असतात. भारतात हा दुसरा प्रकार तरुणांमध्ये बराच दिसतो. त्यामागे स्टेरॉइड आणि दारू ही मोठी कारणं आहेत, आणि विदर्भात सिकल सेलचा आजार हेही एक.

तंबाखूपासून सुरुवात करू. डेन्मार्कमध्ये 2002 साली खुबा आणि गुडघा बदलणाऱ्या 120 धूम्रपान करणाऱ्यांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांना सहा ते आठ आठवडे आधी सिगारेट सोडायला, निदान निम्म्यावर आणायला मदत केली. जखमेच्या तक्रारी मदत मिळालेल्यांत 5 टक्के आणि बाकीच्यांत 31 टक्के निघाल्या. सिगारेटमधल्या निकोटिनने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडांना रक्त कमी मिळतं. निकोटिन तंबाखूच्या पुडीतही असतं आणि मिशरीतही. सुनेने विचारलं तर ‘मी कुठे ओढते?’ म्हणणाऱ्या सासूबाई याच यादीत येतात, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीएवनसी पाहतात. तो साडेसात-आठच्या पुढे असेल तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात. त्यात डॉक्टर अडवणूक करत नाहीत. साखर वाढलेली असताना पांढऱ्या पेशी सुस्त होतात. ऑपरेशनच्या दिवशीची साखरही तितकीच महत्त्वाची. उपाशी राहायचं म्हणून गोळी चुकली आणि साखर भडकली, असं होऊ नये म्हणून कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे आदल्या दिवशी लिहून घ्यावं.

दुखणाऱ्या खुब्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलू नये, असा संकेत आहे. गावोगावी ‘वातावरची’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइडची भेसळ सापडते, तेव्हा अशी पुडी घेत असाल तर लपवू नका. आमवाताची काही नवी इंजेक्शनं ऑपरेशनच्या आधी एक फेरी थांबवतात. मेथोट्रेक्सेट मात्र बहुधा चालू ठेवतात. आपल्या मनाने यातलं काहीही थांबवायचं नाही आणि चालूही करायचं नाही.

किडलेला दात, हिरडीतला पू, पायावरची जखम, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, मानेवरचं गळू: शरीरात कुठेही चालू असलेला संसर्ग आधी बरा व्हायला हवा. लघवीचं मात्र उलटं आहे. लघवीच्या तपासणीत जंतू सापडले पण जळजळ नाही, ताप नाही, तर त्यासाठी अँटिबायोटिक द्यायची गरज नसते. आपल्याकडे रिपोर्टवर ठळक अक्षर दिसलं की औषध सुरू होतं.

साधारण तीन माणसांतल्या एकाच्या नाकपुडीत स्टॅफिलोकोकस ऑरियस सुखाने नांदत असतो, कसलाही त्रास न देता. त्याला जखमेपर्यंत पोहोचायला मालकाचा हात पुरतो. हॉलंडमधल्या 2010 च्या एका चाचणीत नाकात हा जंतू असलेल्या रुग्णांना मुपिरोसिनचं मलम नाकात आणि क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने अंघोळ असं पाच दिवस दिलं. त्या जंतूचा संसर्ग 7.7 टक्क्यांवरून 3.4 वर आला. नाकाचा स्वॅब तपासणं अजून आपल्याकडे सरसकट होत नाही. विचारायला हरकत नाही. नुसत्या साध्या साबणाची स्वच्छ अंघोळही चालते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि वस्तरा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात मांडीवरचे केस वस्तऱ्याने काढण्याची प्रथा कितीतरी वर्षं चालली, काही ठिकाणी अजून चालते. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस अडचणीचे नसतील तर काढायचेच नाहीत आणि काढायचे तर विजेच्या क्लिपरने कातरायचे, ऑपरेशनच्या अगदी आधी. घरच्यांनी हौसेने आदल्या दिवशी रेझर फिरवून पाठवू नये.

५. घरी आल्यावर

भातापासून सुरुवात करतो, कारण तो प्रश्न कुणी सोडत नाही. भाताने टाके पिकत नाहीत. आंबटानेही नाही, वांग्यानेही नाही. टाके पिकतात जंतूंमुळे. पथ्याच्या नावाखाली आजीला दोन आठवडे मऊ खिचडी आणि चहा-बिस्किटांवर ठेवलं तर मात्र जखम भरायला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. जखम भरताना रोज किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलो वजनाला 75 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात साडेसहा, वाटीभर वरणात पाच-सहा. तिन्ही घेतलं तरी वीसही होत नाहीत! म्हणून दोन वेळची जाड डाळ किंवा उसळ, दही, पनीर, आणि खात असतील तर अंडी, मासे, चिकन, असं जाणीवपूर्वक वाढावं लागतं. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

हळद स्वयंपाकात हवी तेवढी घाला. टाक्यांवर चेपू नका. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तेल, अंगारा, टाल्कम पावडर यांनाही तोच न्याय. ड्रेसिंग सर्जनने सांगेपर्यंत उघडून पाहायचं नाही. ते वॉटरप्रूफ असेल तर उभ्याने अंघोळ चालते, साधं असेल तर कोरडं ठेवायचं. टाके साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी काढतात. विहीर, नदी, पोहण्याचा तलाव यांत उतरणं पुढचे काही आठवडे नाही. भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणणं आपल्याला जड जातं. निदान त्यांनी खाटेवर बसू नये आणि पट्टीला हात लावू नये, एवढं तरी सांगता येतं.

लक्ष ठेवायचं ते पाझरण्यावर. पहिले दोन-तीन दिवस पट्टीवर लालसर डाग दिसला तर ते स्वाभाविक आहे. तीन दिवसांनंतरही जखम ओलीच राहिली, तर सर्जनला कळवायचं. पाच ते सात दिवस उलटूनही पाझर थांबत नसेल तर थिएटरमध्ये नेऊन जखम धुण्याचा विचार करतात. बाहेर पाझरायला वाट आहे तशी जंतूंना आत शिरायलाही तीच वाट आहे. कडा जास्त लाल होत जाणं, कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढणं, थंडी वाजून ताप, ही बाकीची लक्षणं.

इथे सगळ्यांत मोठी चूक चांगल्या हेतूने होते. जखम ओली दिसली म्हणून जवळच्या दवाखान्यातून किंवा मेडिकलमधून अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स आणतात. पाझर वरवर कमी होतो, ताप उतरतो आणि सांध्यावरचा थर आत शांतपणे पक्का होत राहतो. शिवाय नंतर सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासलं तर औषधामुळे जंतू उगवत नाहीत, म्हणजे कोणता जंतू आणि त्यावर कोणतं औषध, हे कळायची वाट बंद. आधी नमुना आणि मग औषध, हा क्रम सर्जन हट्टाने पाळतात तो यासाठी.

रक्ताच्या तपासणीत सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा घटक, वाढलेला दिसला तरी लगेच घाबरू नका. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांचाच चढतो आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. उतरत चाललेला सीआरपी पुन्हा वर चढला, तर ती खरी खूण.

६. सातव्या वर्षी

टाके वाळले, काठी सुटली, माणूस वारीलाही जाऊन आला. तरी कृत्रिम सांध्यावर जंतू रक्तातून केव्हाही येऊन बसू शकतात, वर्षानंतर आणि दहा वर्षांनंतरही. वाट बहुतेक वेळा त्वचेची असते. पायाच्या भेगा, चिघळलेल्या चिखल्या, नखाच्या कडेला झालेला पू, दुर्लक्षित गळू. भातलावणीला चिखलात उभं राहणाऱ्या माणसाने संध्याकाळी पाय धुऊन बेचके कोरडे करावेत आणि चिखल्यांवर बुरशीनाशक मलम वेळेवर लावावं. अशक्तपणासाठी दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेण्याची आपली सवयही इथे आड येते. गरज नसताना शिरेत घातलेली प्रत्येक सुई जंतूंना थेट रक्तात शिरायची वाट देते.

दाताच्या कामाआधी प्रत्येक वेळी अँटिबायोटिक घ्यावं का, हा प्रश्न वर्षानुवर्षं चघळला गेला. अमेरिकेच्या डेंटल असोसिएशनने 2015 मध्ये सांगितलं, की कृत्रिम सांधा आहे एवढ्या कारणाने ते सरसकट देऊ नये. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या रुग्णांचा निर्णय सर्जन आणि दंतवैद्य मिळून घेतात. रोज नीट दात घासण्याने आणि हिरडीचा आजार वेळेवर बरा करण्याने जास्त संरक्षण मिळतं. पहिल्या तीन महिन्यांत टाळता येण्यासारखं दाताचं काम पुढे ढकलावं, असं बरेच सर्जन सांगतात.

वर्षानुवर्षं न दुखलेला खुबा एका आठवड्यात अचानक दुखायला लागला, सोबत ताप आला, किंवा त्याआधी पायाला, दाताला काही झालं होतं, तर ‘थंडीमुळे असेल’ म्हणून बसू नका. इथे दिवस मोजले जातात. लवकर पोहोचलात तर थर अजून पक्का नसतो. सांधा उघडून स्वच्छ धुतात, गोळा आणि वाटीचं अस्तर बदलतात आणि हाडात घट्ट बसलेला दांडा जागेवर ठेवता येतो. उशीर झाला तर बहुधा सगळं काढावं लागतं, आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नवा सांधा बसवावा लागतो. डिस्चार्जच्या फाइलमध्ये कंपनीचं नाव, माप आणि बॅच नंबर असलेली छोटी स्टिकरं चिकटवलेली असतात. त्या पानाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. रात्री दुसऱ्याच शहरातल्या हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली, तर तुमच्या दांड्यावर बसणारा गोळा आणि वाटीत बसणारं अस्तर कोणतं मागवायचं, हे सर्जनला त्या पानावरूनच कळतं.